स्त्रीचा बीजकोश आणि रक्तवाहिनीचे अस्तर

छत्रपती संभाजीनगराहून पुण्याच्या रस्त्याने निघाले म्हणजे थोड्याच अंतरावर वाळूजची उद्योगवसाहत लागते. मूळचे वाळूज हे गंगापूर तालुक्यातील शेतकऱ्यांचे गाव. १९८० नंतरच्या दशकात तेथे कारखाने उभे राहिले, १९८५ साली बजाजचा वाहनांचा कारखाना सुरू झाला, आणि पाहता पाहता बजाजनगर, रांजणगाव शेणपुंजी अशा वस्त्या माणसांनी भरून गेल्या. ह्या वस्त्यांतील पुष्कळ कुटुंबे बीड, जालना, परभणी ह्या बाजूंनी पोटासाठी आलेली. कोणाची बहीण, कोणाची नणंद अजूनही दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन ऊसतोडीच्या टोळीबरोबर निघते. अशा घरांतील बायका एकमेकींशी बोलत असता एक वाक्य इतक्या सहजपणे उच्चारले जाते की ऐकणाऱ्याने दचकावे. 'पोरं झाली, पिशवी काढून टाकली, कटकट मिटली.' पिशवी म्हणजे गर्भाशय. कटकट म्हणजे महिन्याची पाळी, अंगावरचे जाणे, कंबरदुखी आणि कामावरचा खाडा.

बीड जिल्ह्यातील ह्या प्रकाराचा २०१९ साली बराच बोभाटा झाला. तेव्हा राज्य सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे ह्यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. ऊसतोडणीस जाणाऱ्या ८२,३०९ स्त्रियांची पाहणी झाली आणि त्यांपैकी १३,८६१ स्त्रियांची गर्भपिशवी काढलेली आढळली. हिशेब केला तर दर सहा स्त्रियांत सुमारे एक. १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत सबंध देशाचे प्रमाण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत शंभरात सुमारे तीन इतके आहे. कारणे शोधण्यास फार दूर जावयास नको. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडावयाची असते, एक दिवस खाडा पडला तर दंड बसतो, फडाशेजारच्या कोपीत ना पाणी ना आडोसा. आणि अशातच कोणी कर्करोगाची भीती घातली म्हणजे तिशीतील स्त्रीही शस्त्रक्रियेस तयार होते. ह्या बोभाट्यानंतर खाजगी रुग्णालयांनी अशी शस्त्रक्रिया करण्यापूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकाची परवानगी घ्यावी, असा निर्बंध बीडमध्ये घालण्यात आला. पुढे २०२३ साली सर्वोच्च न्यायालयानेही अनावश्यक गर्भाशयशस्त्रक्रियांस आळा घालणारी मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत अंमलात आणावी, असे सर्व राज्यांस बजावले.

ह्या प्रश्नाची सामाजिक बाजू वृत्तपत्रांतून पुष्कळ चर्चिली गेली आहे. तिच्या आड राहिलेली शारीरशास्त्राची बाजू मात्र फारशी कोणी उलगडून सांगत नाही. 'पिशवी' ह्या एका शब्दात दोन निराळी इंद्रिये दडलेली आहेत, हे प्रथम लक्षात घेतले पाहिजे. गर्भ वाढतो ती पिशवी निराळी, आणि तिच्या दोन्ही बाजूंस असलेले, बदामाएवढे दोन बीजकोश निराळे. शस्त्रक्रियेत कधी केवळ पिशवी काढतात. कधी तिच्याबरोबर बीजकोशही काढतात. बाहेरून पाहता फरक काहीच नाही. पाळी दोन्ही प्रकारांत थांबते, पोटावरचा व्रणही सारखाच. आत मात्र फार मोठा फरक पडतो; कारण पिशवीचे काम गर्भ धारण करण्यापुरते असले, तरी बीजकोशाचे काम मुले होऊन गेल्यावरही वर्षानुवर्षे चालू असते, आणि ते काम थेट हृदयाच्या रक्तवाहिन्यांपर्यंत पोहोचते. कसे, ते आता पाहू.

शरीरातील काही ग्रंथी आपला रस नळीवाटे बाहेर न सोडता सरळ रक्तात मिसळतात. अशा रसांतील कार्यकारी द्रव्यांस १९०५ साली स्टार्लिंग ह्या इंग्रज शास्त्रज्ञाने हार्मोन असे नाव दिले. बीजकोशाचे मुख्य हार्मोन म्हणजे इस्ट्रोजेन. हे एकच द्रव्य नसून एक कूळ आहे. त्या कुळातील पहिले द्रव्य १९२९ साली अमेरिकेत डॉयसी आणि जर्मनीत बुटेनांट ह्या दोघांनी परस्परांस नकळत, गर्भवती स्त्रियांच्या मूत्रातून शुद्ध स्फटिकरूपाने वेगळे केले. पुढे डॉयसीने डुकरिणींच्या बीजकोशांतून त्या कुळातील सर्वांत प्रबळ द्रव्य मिळविले. त्याचे नाव इस्ट्राडायॉल. टनावारी बीजकोश वाटून त्याच्या हाती जे आले ते काही मिलिग्रॅम होते. निसर्ग ह्या द्रव्याबाबत किती काटकसरी आहे, हे ह्यावरून दिसून येते. तारुण्यातील स्त्रीच्या सबंध शरीरातील रक्तद्रव एकत्र केला, तर त्यात एका वेळी असणारे इस्ट्राडायॉल तांदळाच्या एका दाण्याच्या सुमारे साठ हजाराव्या हिश्श्याइतके भरेल. हा आकडा स्मरणात ठेवावा. पुढे तो उपयोगी पडणार आहे.

गमतीची गोष्ट अशी की, हे इस्ट्रोजेन शरीर कोलेस्टेरॉलपासूनच तयार करते. कोलेस्टेरॉलचे नाव हल्ली असे बदनाम झाले आहे की ते म्हणजे एखादे विषच, असे लोक समजतात. वस्तुतः प्रत्येक पेशीच्या कुंपणात ते असते, पित्त त्यापासून होते, उन्हात त्वचेत तयार होणारे ड जीवनसत्त्वही त्याच घराण्यातले. २७ कार्बन-अणूंचा हा रेणू बीजकोशात पायरीपायरीने छाटला जातो आणि शेवटी १८ कार्बन-अणूंचे इस्ट्राडायॉल उरते. म्हणजे नात्याने पाहता कोलेस्टेरॉल ही माता आणि इस्ट्रोजेन ही कन्या. आता ही कन्या मातेचे रक्षण कसे करते, हेच आपल्या विषयाचे मर्म होय.

कोलेस्टेरॉल पाण्यात विरघळत नाही; रक्त तर बहुतांशी पाणीच. म्हणून यकृत त्यास चरबीसह बारीक बारीक कणांत भरून, वर प्रथिनाचे वेष्टन घालून रक्तात सोडते. ज्यास डॉक्टर एल. डी. एल. म्हणतात, तो असा एक कण. एकेका कणात कोलेस्टेरॉलचे सुमारे दोन हजार रेणू असतात. हे कण रक्ताबरोबर फिरत असता हृदयाकडे, मेंदूकडे शुद्ध रक्त नेणाऱ्या रोहिण्यांच्या भिंतीत शिरतात, आणि काही तेथेच अडकून पडतात. रशियातील आनिच्कोव्ह ह्याने १९१३ साली सशांना कोलेस्टेरॉल खाऊ घालून त्यांच्या रोहिण्यांत थर साचतात असे दाखविले, तेव्हापासून ह्या द्रव्याकडे संशयाने पाहिले जाऊ लागले. परंतु एक कोडे बरीच वर्षे सुटत नव्हते. भिंतीत साफसफाई करणाऱ्या भक्षक पेशी असतात. त्याच पेशी कोलेस्टेरॉल खाऊन खाऊन फुगतात आणि मरतात, त्यांचाच थर साचतो, असे सूक्ष्मदर्शकात दिसे. प्रयोगशाळेतील भांड्यात मात्र ह्या भक्षक पेशींसमोर ताजे एल. डी. एल. ठेवले, तर त्या त्यास फारशा शिवत नसत. मग शरीरात त्यांना ही अघोरी भूक लागते कशी?

उत्तर असे निघाले की, भक्षक पेशींना ताजा कण नको असतो, त्यांना खवटलेला कण हवा असतो.

खवटणे म्हणजे काय, हे घरातील कोणत्याही गृहिणीस समजावून सांगावयास नको. खोबऱ्याची वाटी पावसाळ्यात उघडी राहिली, शेंगदाण्याचे तेल उन्हात राहिले, तूप नीट कढले नाही, की त्यास उग्र वास येतो. हवेतील प्राणवायूचा स्निग्ध पदार्थाशी संयोग होऊन हा बिघाड होतो. त्याची रीत वणव्यासारखी असते. एखाद्या रेणूचा एक इलेक्ट्रॉन हरवतो. असा अर्धवट रेणू, ज्यास मुक्त मूलक म्हणतात, तो शेजारच्या चरबीच्या रेणूतून आपली भर करून घेतो. मग तो शेजारी अर्धवट होतो, तो पुढच्याला लुटतो, आणि ही साखळी वाढत जाते. रोहिणीच्या भिंतीत अडकलेल्या एल. डी. एल. कणातील चरबी अशीच खवटते. तिचे वेष्टन बदलते. भक्षक पेशींना तो कण परका वाटतो आणि त्या त्यास गिळू लागतात. पुरे कधी म्हणावयाचे हे त्यांना कळत नाही. अशा फुगलेल्या पेशी सूक्ष्मदर्शकात साबणाच्या फेसासारख्या दिसतात, म्हणून त्यांस फेसाळ पेशी असे नाव पडले आहे. १९८९ साली अमेरिकेतील स्टाइनबर्ग आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हा सिद्धांत एका गाजलेल्या लेखात मांडला, आणि कोलेस्टेरॉल किती आहे ह्याबरोबरच ते किती खवटते, हा प्रश्नही महत्त्वाचा ठरला.

आता पुन्हा स्वयंपाकघरात येऊ. लोणी कढवून तूप करताना जुन्या घरांतून त्यात विड्याचे पान टाकण्याची रीत आहे. तूप रवाळ होते, वास चांगला येतो, असे कारण सांगतात. तूप टिकते, हे तिसरे कारण. आणि रसायनशास्त्राने त्याची उपपत्ती लावून दिली आहे. विड्याच्या पानात फेनॉल जातीची द्रव्ये असतात. फेनॉल म्हणजे कार्बनचे एक षट्कोणी कडे आणि त्या कड्यास चिकटलेली प्राणवायू व हायड्रोजन ह्यांची जोडी. ह्या जोडीतील हायड्रोजन ते सहज सोडून देते. लुटारू मुक्त मूलकापुढे फेनॉल आपला हायड्रोजन टाकते, मूलकाची भूक तेथेच भागते, आणि फेनॉल स्वतः अर्धवट झाले तरी कड्याच्या बळावर स्वस्थ बसून राहते, पुढे कोणास लुटावयास जात नाही. साखळी तेथे तुटते. हळदीतील रंगद्रव्य, ई जीवनसत्त्व, बाजारी तेलात घालतात ती टिकाऊपणाची द्रव्ये, ह्या सर्वांची युक्ती हीच.

आणि इस्ट्राडायॉलच्या रेणूत चार कडी असतात, त्यांपैकी पहिले कडे नेमके फेनॉलचे आहे. पुरुषी हार्मोनात ते नाही, खुद्द कोलेस्टेरॉलमध्येही नाही. मातेजवळ नसलेले शस्त्र कन्येस मिळाले आहे.

हे शस्त्र चालते काय, हे पाहण्याची परीक्षा सोपी आहे. रक्तातून एल. डी. एल. वेगळे काढावयाचे, त्यात तांब्याचा क्षार घालावयाचा, कारण तांब्याच्या सहवासात स्निग्ध पदार्थ झपाट्याने खवटतात. आणि खवटण्यास आरंभ होईतो किती वेळ जातो हे घड्याळ लावून मोजावयाचे. १९९० नंतरच्या दोन-तीन वर्षांत निरनिराळ्या प्रयोगशाळांतून ही परीक्षा झाली. इस्ट्राडायॉल मिसळले असता वेळ वाढे, कण उशिरा खवटे. १९९४ साली लंडनच्या 'लॅन्सेट' ह्या वैद्यक नियतकालिकात आणखी एक प्रयोग प्रसिद्ध झाला. ह्यात पाळी गेलेल्या बारा स्त्रियांना त्वचेवर लावावयाच्या पट्टीतून इस्ट्राडायॉल देण्यात आले होते. त्यांच्या रक्तातून काढलेले एल. डी. एल. पूर्वीपेक्षा सावकाश खवटले.

येथवर ऐकून कोणासही वाटेल की कोडे सुटले. बीजकोशाचा रस म्हणजे तुपातले विड्याचे पान. पण शाळेतील हुशार विद्यार्थी येथे हात वर करील, आणि त्याने तो करावाच. वर सांगितलेला तांदळाच्या दाण्याचा आकडा आठवावा. भांड्यातील प्रयोगांत जे इस्ट्राडायॉल घातले होते ते शरीरात असते त्याच्या हजारपटीच्या घरात होते. प्रत्यक्ष रक्तात एल. डी. एल. च्या हजारो कणांमागे इस्ट्राडायॉलचा एखादा रेणू पडतो. उलट ई जीवनसत्त्वाचे पाच-सहा रेणू प्रत्येक कणात पहारा देत असतात. हजारो घरांमागे एक पहारेकरी असेल तर चोरी त्याच्या दंडुक्याने थांबणार नाही. म्हणून इस्ट्रोजेनचे रक्षणकार्य केवळ स्वतः हायड्रोजन देऊन होत असेल, हे पटण्यासारखे नाही. पहारेकरी एकटा असला तरी त्याने शिट्टी वाजवून सारे गाव जागे केले, तर मात्र गोष्ट निराळी.

दुसरा मार्ग तोच आहे, आणि अधिक विश्वसनीय पुरावा त्याच्या बाजूस आहे. रोहिणीच्या आतल्या बाजूस पेशींचे एकेरी अस्तर असते. जाडी इतकी अल्प की ते केवळ भिंतीचा रंग असावे असे जुन्या शास्त्रज्ञांस वाटे. पण हे अस्तर जिवंत आणि फार कामसू असते. त्याच्या पेशींत इस्ट्रोजेनसाठी खास ग्राहक असतात. कुलपास किल्ली लागावी तसे इस्ट्राडायॉल त्यास जाऊन लागते, आणि पेशीच्या केंद्रातील काही कामे चालू होतात. स्पेनमधील व्हॅलेन्सिया येथे होसे विन्या आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००३ च्या सुमारास उंदरांवर केलेले काम येथे उपयोगी आहे. पेशीतील ज्या सूक्ष्म भट्ट्यांत अन्न जाळून शक्ती निर्माण होते, तेथून प्राणवायूची दाहक रूपे ठिणग्यांसारखी उडत असतात. मादीच्या भट्ट्यांतून नराच्या मानाने अशा ठिणग्या कमी उडतात असे त्यांना दिसले. माद्यांचे बीजकोश काढले तेव्हा हा फरक नाहीसा झाला. इस्ट्रोजेन दिले तेव्हा परत आला. इस्ट्रोजेनच्या आज्ञेने पेशी स्वतःच ठिणग्या विझविणारी विकरे अधिक तयार करतात, असा त्याचा उलगडा आहे. आज्ञेस थोडे शब्द पुरतात. त्यामुळे तांदळाच्या दाण्याच्या साठ हजाराव्या हिश्श्याचे कोडेही येथे सुटते.

अस्तराच्या पेशी आणखी एक काम करतात. त्या नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू अत्यल्प प्रमाणात सोडतात, त्यामुळे रोहिणीचे स्नायू सैल पडतात, नळी रुंदावते आणि रक्त सुखाने वाहते. ह्या शोधाबद्दल १९९८ चे नोबेल पारितोषिक फर्चगॉट, इग्नारो व मुराद ह्या तिघांस मिळाले. इस्ट्रोजेनच्या योगाने हा वायू अधिक निर्माण होतो. आणि दाहक ठिणग्या कमी असल्यामुळे तो निर्माण होताच नष्टही होत नाही. मुक्त मूलके चरबी खवटवितात तशी ह्या वायूचाही घास घेतात, हे विसरून चालणार नाही.

ग्राहकाचे महत्त्व दाखविणारे एक विलक्षण उदाहरण पुरुषाचे आहे. १९९४ साली अमेरिकेत एका तरुणाची हकीकत प्रसिद्ध झाली. त्याच्या शरीरात इस्ट्रोजेन होते, पुरुषांच्याही शरीरात ते थोडे असतेच, परंतु जन्मतःच्या दोषामुळे त्याचा इस्ट्रोजेन-ग्राहक निकामी होता. पुढे तपासणी झाली तेव्हा एकतिसाव्या वर्षीच त्याच्या हृदयाच्या रोहिण्यांत चुन्याचा थर आढळला, आणि अस्तराच्या आज्ञेने नळी जशी रुंदावयास हवी तशी ती रुंदावत नव्हती. किल्ली होती, कुलूप नव्हते.

एवढे समजल्यावर बीजकोश अकाली काढण्याचा परिणाम काय होत असेल, ह्याचा अदमास बांधता येतो. पण अदमासावर थांबण्याची गरज नाही. अमेरिकेतील १,२१,७०० परिचारिकांची प्रकृती वर्षानुवर्षे टिपून ठेवणारी एक मोठी पाहणी १९७६ पासून चालू आहे. तिच्यावर आधारलेल्या १९८७ च्या निबंधात असे आढळले की, ज्यांचे दोन्ही बीजकोश शस्त्रक्रियेने काढले होते आणि ज्यांनी इस्ट्रोजेन कधी घेतले नव्हते, त्यांना हृदयरोगाचा धोका पाळी चालू असलेल्या स्त्रियांच्या दुपटीहून थोडा अधिक होता. नैसर्गिक वयात पाळी गेलेल्यांत अशी वाढ दिसली नाही. पंचेचाळिशीच्या आत दोन्ही बीजकोश गेले आणि त्यानंतर हार्मोन दिले गेले नाही, तर आयुर्मानही घटते, असे मेयो क्लिनिकच्या २००६ च्या पाहणीत दिसले. नुसती पिशवी काढून बीजकोश राखले तरी पाळी जाण्याचा नैसर्गिक काळ थोडा अलीकडे येण्याचा संभव असतो, हेही येथे नमूद केले पाहिजे. भारतीय स्त्रीची ऋतुनिवृत्ती साधारणतः सेहेचाळिसाव्या वर्षाच्या आसपास होते. तिसाव्या वर्षी बीजकोश गेले तर सोळा वर्षांचे संरक्षण गेले. आणि ही सोळा वर्षे फडात मोळी उचलण्याची, कारखान्यात उभे राहण्याची, मुलांना वाढविण्याची वर्षे असतात.

मग गोळी देऊन भरपाई का करू नये? हा प्रश्न पाश्चात्त्य देशांत फार उत्साहाने विचारला गेला, आणि त्याचे उत्तर फार महागात मिळाले. प्रथम तर पुरुषांवरच प्रयोग झाला. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या पुरुषांना अमेरिकेत इस्ट्रोजेन देऊन पाहिले; मोठी मात्रा घेणाऱ्यांत झटके वाढले, तेव्हा १९७० साली ती बंद करावी लागली. १९९८ साली हृदयरोग जडलेल्या २,७६३ वयस्क स्त्रियांवरील प्रयोगाचा निकाल आला. चार वर्षे गोळ्या देऊनही झटके कमी झाले नाहीत, उलट पहिल्या वर्षात ते अधिक आले. २००२ च्या जुलैत तर १६,६०८ स्त्रियांवरील प्रयोग मध्येच थांबवावा लागला. ह्या स्त्रियांस गाभण घोडीच्या मूत्रातून काढलेले इस्ट्रोजेन दुसऱ्या एका हार्मोनच्या जोडीने दिले जात होते, आणि त्यांच्यात हृदयविकार, पक्षाघात व स्तनाचा कर्करोग ही तिन्ही वाढलेली दिसली. प्रयोगशाळेतील भांड्यात जे सुंदर दिसत होते त्याची अशी वाताहत झाली. ई जीवनसत्त्वाचीही गत निराळी झाली नाही. २००० साली प्रसिद्ध झालेल्या, साडेनऊ हजार रुग्णांवरील एका प्रयोगात त्या जीवनसत्त्वाने झटके टळले नाहीत. 'अँटिऑक्सिडंट' हा शब्द डब्यावर मोठ्या अक्षरांत छापून जी चूर्णे व गोळ्या विकल्या जातात, त्यांच्या ग्राहकांनी हा निकाल जाहिरातीशेजारी ठेवून वाचावा.

ह्या अपयशातून शास्त्र एक महत्त्वाची गोष्ट शिकले. त्या प्रयोगांतील स्त्रिया सरासरीने साठी ओलांडलेल्या होत्या. पाळी जाऊन त्यांना दहा-बारा वर्षे झाली होती. एवढ्या काळात रोहिण्यांत थर साचून जुनाट झालेले होते. निरोगी अस्तरास इस्ट्रोजेन सांभाळते. थर जमलेल्या नळीत मात्र त्याचा उपयोग नाही, आणि तोंडाने घेतलेली गोळी यकृतातून जाताना रक्त गोठविणारी द्रव्ये वाढवीत असल्यामुळे तेथे ती घातकही ठरू शकते. खवटलेल्या तुपात मागाहून विड्याचे पान टाकून ते ताजे होत नाही, हे कोणाही सुगरणीने सांगितले असते. अमेरिकेत क्लार्कसन ह्याने माकडिणींवर केलेल्या प्रयोगांत हेच दिसले होते. बीजकोश काढताच इस्ट्रोजेन सुरू केले तर रोहिण्यांतील थर पुष्कळच कमी साचला. दोन वर्षे थांबून सुरू केले तर फायदा जवळजवळ शून्य. २०१६ साली लॉस एंजेलिसच्या ६४३ स्त्रियांवरील प्रयोगाचा निकाल त्याच बाजूचा आहे. पाळी जाऊन सहा वर्षे होण्याच्या आत ज्यांस इस्ट्राडायॉल सुरू केले त्यांच्या मानेतील रोहिणीची भिंत सावकाश जाड झाली. ज्यांस दहा वर्षांनंतर सुरू केले त्यांना काहीच लाभ झाला नाही.

त्यामुळे हल्ली वैद्यकशास्त्राची रीत अशी आहे. वय झाल्यावर पाळी गेलेल्या स्त्रीस केवळ हृदय सांभाळण्यासाठी इस्ट्रोजेन देत नाहीत. परंतु जिचे दोन्ही बीजकोश तरुणपणी काढले गेले, तिला स्तनाचा कर्करोग, रक्ताच्या गुठळ्या असा काही अडथळा नसेल, तर नैसर्गिक ऋतुनिवृत्तीच्या वयापर्यंत ते देण्याचा सल्ला सामान्यतः दिला जातो. ह्या दोन गोष्टींची गल्लत होऊन, 'हार्मोनच्या गोळ्या वाईट' एवढेच सरसकट मनावर ठसले, तर ज्यांना त्यांची खरी गरज आहे त्याच स्त्रिया वंचित राहतात. ऊसतोडीच्या स्त्रीस तर हा सल्ला मिळतच नाही. टाके निघाले की ती पुन्हा टोळीबरोबर जाते, आणि काही वर्षांनी हाडे दुखू लागली, छातीत धडधडू लागले, की त्याचा संबंध त्या जुन्या शस्त्रक्रियेशी आहे हे तिला सांगणारे कोणी नसते.

गर्भाशयात मोठी गाठ असेल, रक्तस्राव कोणत्याही औषधाने थांबत नसेल, कर्करोग सिद्ध झाला असेल, तर शस्त्रक्रिया टाळणे हाच अपराध होईल. परंतु साध्या अंगावरच्या जाण्यावर, अनियमित पाळीवर पुष्कळदा औषधांनी भागते. शस्त्रक्रिया ठरलीच, तर तिच्या अगोदर स्त्रीने, किंवा तिच्याबरोबर गेलेल्या भावाने, नवऱ्याने, डॉक्टरांस एक प्रश्न अवश्य विचारावा. 'डॉक्टरसाहेब, नुसती पिशवी काढणार, की बाजूचे बीजकोशही? आणि बीजकोश काढणार असाल, तर का?' बीजकोश निरोगी असताना आणि घराण्यात कर्करोगाचा विशेष इतिहास नसताना ते तरुण वयात काढण्यास सहसा सबळ कारण नसते. दुसऱ्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावासा वाटला तर संभाजीनगरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. सारा मराठवाडा त्यास 'घाटी' ह्या नावाने ओळखतो.

ज्यांची शस्त्रक्रिया होऊन गेली आहे अशांनी रुग्णालयातून घरी सोडताना दिलेला कागद ट्रंकेतून शोधून काढावा. त्यावर इंग्रजीत शस्त्रक्रियेचे नाव लघुरूपाने लिहिलेले असते. 'टी. ए. एच.' किंवा 'व्ही. एच.' एवढेच असेल तर गर्भपिशवी काढली असे समजावे. त्यापुढे 'बी. एस. ओ.' ही तीन अक्षरे असतील तर दोन्ही बाजूंच्या बीजनलिका व बीजकोशही काढले आहेत. हे काम वयाच्या पंचेचाळिशीच्या आत झाले असेल, तर तो कागद घेऊन डॉक्टरांकडे जावे, हार्मोनविषयी विचारावे, आणि दरवर्षी रक्तदाब, रक्तातील साखर व कोलेस्टेरॉल तपासून घ्यावे. पहिल्या दोन तपासण्या तीस वर्षांवरील कोणाही माणसास प्राथमिक आरोग्य केंद्रात विनामूल्य करून मिळतात.